धोंड्याच्या महिन्यातलं गोल्फ

आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालतात. तीन वर्षांनी कधीतरी हा अधिकाचा महिना येतो. सासू अनारसे करते, तबकात दिवा लावून वाण देते आणि जावई जेवूनखाऊन आपल्या घरी जातो. ही रीत ज्यानं कुणी पाडली तो एक गोष्ट धरूनच चालला होता, की सासू तिच्या घरी असेल आणि जावई त्याच्या. त्या वर्षी मी जावयाच्याच घरी होते. फेब्रुवारीपासून.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून हॉलंडात, आइंडहोवनला आले होते. दोन बॅगा. एकीत साड्या, दुसरीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि झबली. नात झाली आणि आठवड्याभरात जगाचं शटर खाली आलं. विमानं बंद, सगळं बंद. व्हिसा संपायला आला तेव्हा मला वाटलं, आता पोलीस येणार. दाराची बेल वाजली की मी पासपोर्ट हातात घेऊन जिन्यात उभी. लेक म्हणाली, "आई, पार्सलवाला आहे. आणि अडकलेल्यांना राहू देतायत, त्यांनी स्वतःच सांगितलंय." सांगलीजवळच्या गावात पिठाची गिरणी चालवणारी मी, सातवीत शाळा सुटलेली. मला एका परक्या देशानं आपणहून 'राहा' म्हणावं, ह्याचं इतकं भरून आलं की त्या ऑफिसला लाडू पाठवायचं माझ्या मनात होतं. लेकीनं पाठवू दिले नाहीत.

तरी जिवाला घोर होताच. एक तर लेकीच्या घरी इतके महिने राहायची आपल्यात पद्धत नाही. त्यातून मला दिलेली खोली ही जावयांची कामाची खोली. ते बिचारे जिन्याखालच्या कोनाड्यात, व्हॅक्युम क्लीनर आणि कांद्याच्या पिशवीच्या मधोमध, कानाला हेडफोन लावून मीटिंगा करायचे. उभे राहिले की डोकं आपटायचं. एकदा मी कुकर लावला आणि त्यांच्या मीटिंगमधल्या एका गोऱ्या साहेबानं विचारलं की तुमच्याकडे आग लागलीय का. त्या दिवसापासून मी कुकरला शिट्टी होऊ देत नसे. शिट्टी येतेय असं वाटलं की गॅस बंद. आम्ही सगळ्यांनी कितीतरी दिवस अर्धी कच्ची डाळ खाल्ली आणि कुणी काही बोललं नाही. जावई तर मुळातच कमी बोलणारे. "आई, जेवलात?" आणि "आई, झोपा आता." ह्यापलीकडे आमचं संभाषण नाही. माणूस सोन्यासारखा, पण गप्प माणसाच्या मनात काय चाललंय ते कसं कळावं? मला वाटायचं, हा मनातून वैतागलाय.

आणि वैतागायला कारणही होतं. ते कारण माझ्या खोलीच्या कोपऱ्यातच उभं होतं. गोल्फच्या काठ्यांची भलीमोठी बॅग.

जावयांना गोल्फचं वेड. म्हणजे लेक तसं सांगायची. ऑफिसातल्या चार मित्रांबरोबर त्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत फ्लोरिडाला जाणार होते, गोल्फ खेळायला. ऑक्टोबरच का, तर तेव्हा तिथला सीझन नसतो. उकाडा असतो, वादळाची भीती असते, म्हणून मैदानं रिकामी आणि स्वस्त. मला हे फार पटलं होतं. आम्हीसुद्धा महाबळेश्वरला गेलो ते पावसाळ्यात. तर आता अमेरिका बंद, फ्लोरिडा रद्द. रात्री जेवताना मात्र टीव्हीवर तिथली मैदानं चालू असायची. नारळासारखी झाडं, निळी तळी, काठावर मगरीपासून सावध राहायची पाटी. लेक म्हणायची, "बघ रे, इथे जाणार होतास तू." जावई मान खाली घालून भात कालवायचे. तो घास घशाखाली उतरायला त्यांना जो वेळ लागायचा तो बघून मी त्यांच्या भातावर आणखी तूप वाढायची. मी मनाशी हिशेब करायची: सुट्ट्या बाळंतपणात गेल्या, खोली माझ्यात गेली, फ्लोरिडा आजारात गेला. ह्या मुलाला मिळालं काय, तर कच्ची डाळ.

मी रोज ती बॅग पुसायची. काठ्या काय लखलखीत! माझी गिरणीतली मापंसुद्धा इतकी स्वच्छ नव्हती. किती निगुतीनं ठेवलंय, असं म्हणून मला जास्तच वाईट वाटायचं.

अशात कॅलेंडरात अधिक महिना आला. मी जिन्याखाली जाऊन, हेडफोन काढलेला बघून, घाबरत घाबरत विचारलं, "जावईबापू, धोंड्याचा महिना आहे. तुम्हाला वाणात काय देऊ?"

ते हसले. "काही नको हो आई. तुम्ही आहात तेच खूप आहे."

मला ते 'खूप' जरा जास्तच ऐकू आलं.

त्याच रात्री मी ठरवलं. फ्लोरिडा काही मला देता यायचा नाही, पण ह्याच देशातलं एखादं चांगलं गोल्फचं मैदान शोधून जावयाला तिथं न्यायचं, खेळवायचं आणि तिथंच वाण द्यायचं. सासूचं घर नाही तर नाही. मैदान तर बाहेरचं आहे. ते जितकं त्यांचं तितकंच माझं. महिना संपायच्या आत हे झालं नाही तर पुढं तीन वर्षं थांबा, आणि तोवर ह्या मुलाच्या मनात सासू म्हणजे काय राहील ते देवच जाणे.

आता चांगलं मैदान कसं असतं, हे मला कुठं ठाऊक? मी ग्रुपवर विचारलं.

हा ग्रुप आमच्यासारख्यांचाच होता. त्याचं नावच 'अडकलेल्या'. मुलाकडे किंवा मुलीकडे म्हणून आलेल्या आणि इथंच राहिलेल्या आम्ही तिघी. डेल्फ्टच्या बाई पुण्यात मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांना सगळे बाईच म्हणायचे, त्यांची सून धरून. एनस्खेडेच्या ताई ठाण्याच्या. त्यांचा मुलगा तिथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. कशावर, ते त्यांनी दोनदा विचारून सोडून दिलं होतं. आम्ही एकमेकींना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, पण कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागतं हे तिघींना माहीत होतं.

मी निरोप टाकला, की जावयासाठी गोल्फचं मैदान बघायचंय, तुमच्याकडं आहेत का? दोघींचं उत्तर लगेच आलं. बाई म्हणाल्या, "पाहणी करून कळवते." ताई म्हणाल्या, "बघते हो. स्थळ बघायला जातात तसं वाटतंय."

आणि तसंच झालं. इथल्या बऱ्याच मैदानांच्या कडेनं चालायची वाट असते, त्यामुळं म्हाताऱ्या बाईला कुणी अडवत नाही. दोघी रोजच्या फिरण्याच्या वाटा बदलून मैदानं बघायला निघाल्या आणि बोलून पाठवायला लागल्या. बाईंचा आवाज प्रार्थना संपल्यावर सूचना द्यावी तसा यायचा.

"मैदान पाहिले. प्रशस्त आहे, स्वच्छता उत्तम. मात्र मध्येमध्ये विनाकारण मोठे खड्डे खणून त्यात वाळू आणून टाकलेली आहे. बहुधा काम अर्धवट आहे. मी तिथल्या एका गृहस्थांना इंग्रजीत विचारले, हे केव्हा पूर्ण होणार? ते हसले. उत्तर दिले नाही. मला हे आवडले नाही."

ताईंचा निरोप येताना वाऱ्याचा आवाज आधी यायचा.

"अहो, इथलं मैदान दिसायला देखणं आहे, पण तळीच तळी हो! चेंडू गेला की गेलाच. जावयांना पोहता येतं का? आणि बाथरूम कुठं दिसेना. मी झाडाआडून बघत होते तर एक जण माझ्याकडे बघून ओरडला. मला वाटलं रागावला. मग बाजूनं काहीतरी सूं करून गेलं."

"ताई, तुम्ही झाडाआड काय करत होता?" बाईंनी विचारलं.

"पाहणीच करत होते हो बाई. शपथ."

अशी आम्ही कितीतरी मैदानं नाकारली. एकात चढ फार होता. एकात बसायला बाक नव्हते. एकाजवळ गोठा होता, पण ताईंना तो वास आवडला, त्या म्हणाल्या घरची आठवण येते. मग त्यांना मीच आठवण करून दिली की तुमचं घर ठाण्यात आहे. फ्लोरिडाच्या मैदानांनाही आम्ही टीव्हीवर बघून नापास केलं. मगर असलेल्या जागी जावयाला पाठवायचं म्हणजे काय?

सरतेशेवटी मैदान सापडलं ते माझं मलाच. नातीला बाबागाडीतून फिरवताना रानापलीकडं एक छोटं मैदान लागलं. पाणी नाही. चढ नाही. दर थोड्या अंतरावर बाक. कडेनं उंच दाट कुंपण, म्हणजे दिव्याला आडोसा. बाथरूम तर दारातच. खेळत होते ते सगळे आमच्या वयाचे, बाया नि बुवा, निवांत. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. बाईंनी लिहिलं, "योग्य."

आता लेकीला सांगणं भाग होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसले आणि मग अडचणी सांगायला लागली. "आई, मोठ्या मैदानांवर खेळायला परवान्याचं कार्ड लागतं. त्याच्याकडे ते असणारच. हे तू शोधलेलं छोटं आहे, नऊच होल्स, इथे कार्डबिर्ड काही नको, कुणीही खेळू शकतं. पण आता बघ्यांना बंदी आहे. आत जायचं तर खेळणाऱ्यांनीच."

"मग मी वाण कसं देणार?"

"मग तू खेळ."

"मी?"

"तू. आणि तो. दोघांची वेळ घेते मी. मी बाळाला घेऊन घरी बसते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्रुपवर सांगितलं तर ताईंनी विचारलं, "साडी नेसून?" बाईंच्या मनात वेगळीच शंका आली. त्या म्हणाल्या, "अधिकात जावयाला जाळीदार वस्तू द्यायची असते. अनारशाला जाळी असते म्हणून अनारसे, आणि तेही तेहतीस. तुमच्या मैदानाला भोके नऊ. संख्येत बसत नाही."

मी हबकले. अर्ध्या तासानं त्यांचाच निरोप आला, "नातवाकडे गोल्फचा चेंडू होता तो पाहिला. त्याच्यावरच शेकडो खळगे आहेत. शास्त्रार्थ झाला. निश्चिंत राहा."

अनारशांनी मात्र घाम काढला. तांदूळ तीन दिवस भिजवले, वाटले, गुळात मळले, पण पहिला घाणा तुपात पडल्याबरोबर हसला. अनारसा हसला म्हणजे तुपात विरघळून त्याचा चुरा होतो. हसत हसतच गेले पाच-सहा. नेमके तेव्हाच जावई पाणी प्यायला आले. "काय चाललंय आई?" मी कढईवर झाकण ठेवलं. म्हटलं, "काही नाही, डाळ."

मैदानाचं त्यांना आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. लेकीनंच सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आनंदानं उडी मारतील, निदान मान वर करून बघतील, असं मला वाटलेलं. जावयांचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"उद्या?" ते म्हणाले. "उद्या पाऊस आहे ना."

"रोजच आहे," लेक म्हणाली.

"माझी पाठ जरा..."

"कालच तर सोफा उचललास."

"चेंडू नाहीयेत फारसे."

"पूर्ण डबा आहे, सीलबंद. अरे, फ्लोरिडाला निघाला होतास तू! इथे कोपऱ्यावर जायला काय झालं? आई इतकं करतेय."

"नाही नाही, जाऊया ना," ते म्हणाले आणि भात कालवत बसले.

मी उठून ताटं घासायला गेले. नळ मोठा सोडला. कळलंच मला. सासूबरोबर खेळायची लाज वाटतेय. फ्लोरिडाला जाणारा माणूस, आणि बरोबर कोण, तर साडीतली बाई. दुसरा कुणी असता तर सरळ नाही म्हणाला असता. हा सोन्यासारखा, म्हणून येतोय. रद्द करावं असं दहादा मनात आलं, पण अनारसे झाले होते आणि महिना संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बारशाला नेसलेली काठाची साडी, वरून जावयांचा जुना रेनकोट, पायात लेकीचे बूट, तोंडाला मास्क. तबक, निरांजन, हळदीकुंकवाची कोयरी आणि अनारशांचा डबा मी गोल्फच्या बॅगेच्या मोठ्या खिशात घातला होता. बॅगेला चाकं होती. ती ओढताना आतून तबक वाजायचं. काउंटरवरच्या मुलीनं काचेपलीकडून माझ्याकडं नीट बघितलं आणि मला एक लहान काठी दिली. मी तिचे इतके आभार मानले की तिनं आणखी एक दिली.

पहिल्या जागी जावई उभे राहिले. पाय फाकवले, कंबर हलवली, मान हलवली, काठी उचलली आणि फिरवली. सूं आवाज आला. चेंडू जागेवर.

"सराव," ते म्हणाले.

पुन्हा फिरवली. चेंडू जागेवर, पण ह्या खेपेला गवताचा एक वीतभर तुकडा उडून पुढं गेला.

"छान," मी म्हटलं. मला वाटलं, आधी जागा साफ करत असतील. मी धावत जाऊन तो तुकडा आणला, जागेवर बसवला आणि सारवल्यासारखा हातानं चापून घेतला. लोकांच्या देशाचं गवत.

तिसऱ्यांदा चेंडू उडाला. समोर नाही, काटकोनात, आणि दाट कुंपणात शिरला. जावई तिकडं बघत राहिले. मीही बघत राहिले. मग आम्ही दोघं जाऊन तो शोधायला लागलो. सापडला. पुढच्या वेळी तो कचऱ्याच्या डब्यामागं गेला, तोही सापडला. मला खेळ समजला असं वाटून जरा धीर आला. आधी लपवायचा, मग शोधायचा. आणि ह्यात जावई भलतेच हुशार होते. मी मनापासून म्हटलं, "किती लांब लपवलात हो! माझ्या तर लक्षातसुद्धा आलं नसतं."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मी थट्टा करतेय का, ते जोखत असावेत.

माझी पाळी आली. मी देवाचं नाव घेऊन काठी मारली. चेंडू माझ्या साडीच्या निऱ्यांत गेला आणि तिथंच राहिला. तो शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तेवढ्यात मागून दोन डच आज्या आल्या. माझ्याहून दहा वर्षं तरी मोठ्या. एकीच्या डोक्यावर गुलाबी टोपी. आम्ही रेंगाळतोय बघून जावयांनी त्यांना पुढं जायची खूण केली. गुलाबी टोपीवाली उभी राहिली आणि तिनं भाकरी थापतात तितक्या सहज काठी फिरवली. टिक् असा आवाज झाला. चेंडू वर गेला, हवेत जरा थांबल्यासारखा वाटला आणि लांबच्या झेंड्याजवळ जाऊन पडला. दुसरीचाही तसाच. हात हलवून दोघी निघून गेल्या.

मी झेंड्याकडं बघितलं. मग कुंपणाकडं. मग बॅगेतल्या त्या लखलखीत काठ्यांकडं.

जावई कुठंच बघत नव्हते. कान लाल झाले होते. आपण काहीतरी बघायला नको ते बघितलंय, हे मला कळलं. आता मी काय बोलते त्यावर सगळं आहे, हेही कळलं. जावयाचा मान सांभाळायचा म्हणून इतका खटाटोप, आणि मीच त्याला इथं आणून उभा केला होता.

"वारा फार आहे आज," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

"आई, वारा नाहीये."

"आहे हो. मला लागतोय ना."

ते बाकावर जाऊन बसले. मी दीड मीटर सोडून बसले. एकाच घरात राहत होतो, पण मास्क लावला की मला ते अंतर आपोआप सुचायचं. मग ते बोलायला लागले. इतक्या महिन्यांत बोलले नव्हते तितकं बोलले, जमिनीकडं बघत.

"मला येत नाही हो आई. अजिबात. ऑफिसात साहेब खेळतो, सगळे खेळतात. एकदा जेवताना बोलून गेलो की मीपण खेळतो. मग बॅग घ्यावी लागली. शिकायला चार वेळा गेलो. ते कार्ड असतं ना परवान्याचं, त्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. घरी सांगितलं नाही. मग हे फ्लोरिडाचं निघालं. मी म्हटलं, कोण कशाला सीझन नसताना जाईल, बारगळेल. तर ह्यांनी विमानांची तिकिटंच काढली! रात्ररात्र झोप नव्हती. ज्या दिवशी अमेरिका बंद झाल्याची बातमी आली ना, त्या दिवशी मी जिन्याखाली जाऊन नाचलो. डोकं आपटलं."

"तो आवाज तुमचा होता?" मी विचारलं. "मला वाटलं कांद्याची पिशवी पडली."

"मीच."

"आणि मी समजत होते, माझ्यामुळं तुमचं सगळं गेलं. खोली गेली, सुट्टी गेली, फ्लोरिडा गेला. रात्री टीव्ही बघताना तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही..."

"तो भीतीनं, आई. पुढच्या वर्षी जायचं म्हणतायत ते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि थोडा डाळीमुळं. ती कच्ची असते हो रोज."

"शिट्टी करत नाही म्हणून. तुमच्या मीटिंगा असतात."

ते जे हसायला लागले, अगदी अनारशासारखे, थांबेचनात. "करा हो शिट्टी! दहा करा!"

मलाही हसू आवरेना. डोळे पुसून मी म्हटलं, "दोनदा नापास म्हणजे दोनदा बसलात तरी. मी सातवीच्या परीक्षेला बसलेच नाही. शाळाच सुटली. तुम्ही पुढं आहात माझ्या."

मग आम्ही खेळलो. आता कुणाची भीती नव्हती, कारण आज्या केव्हाच लांब गेल्या होत्या. कुंपणातून चेंडू काढायला मी माझी काठी वापरायची, त्यात मात्र मी तरबेज झाले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बायांनी पास केलेलं हे मैदान ह्या मुलासाठीच केल्यासारखं होतं. पाणी नाही म्हणून चेंडू बुडत नव्हते. बाक होते म्हणून दमलं की बसता येत होतं. कुंपण उंच, म्हणून चेंडू अडत होते आणि रस्त्यावरून कुणाला दिसतही नव्हतं.

शेवटच्या झेंड्याजवळ पोचलो तर तिथल्या गुळगुळीत हिरवळीला सगळीकडं बारीक भोकं पाडलेली. हिवाळ्याआधी मुळांना हवा लागावी म्हणून पाडतात, असं जावई म्हणाले. मी बघतच राहिले. अख्खी हिरवळ म्हणजे एक भलामोठा, छान जाळी पडलेला अनारसा! हसू न देता तळलेला! ह्याहून चांगली जागा कुठली मिळणार? बाईंना दाखवायला मी लगेच फोटो काढला.

तबक काढलं, निरांजन लावलं. आता मात्र खरंच वारा आला आणि दिवा विझला. जावयांनी गोल्फची मोठी छत्री उघडून आडोसा केला. तिच्याखाली मी त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं, डबा हातात दिला. म्हटलं, "माझं घर इथं नाही, म्हणून इथं बोलावलं. गोड मानून घ्या." त्यांनी छत्री खाली ठेवली आणि त्या जाळीदार हिरवळीवर गुडघे टेकून, माझ्या, म्हणजे लेकीच्या, चिखलानं भरलेल्या बुटांना हात लावून नमस्कार केला.

कुंपणापलीकडून टाळ्या वाजल्या. खेळ संपवून त्या दोन आज्या घरी निघाल्या होत्या. गुलाबी टोपीवालीनं काहीतरी विचारलं. जावयांनी डचमध्ये बराच वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, मी आजवर विचारलं नाही. पण तिनं छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी दोन अनारसे रुमालावर घालून बाकावर ठेवले आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. त्या हळूच आल्या, इकडंतिकडं बघितलं, उचलले. मला वेगळंच काहीतरी आठवलं, पण धोंड्याच्या महिन्यात तसलं तोंडातून काढू नये.

घरी लेक दारातच. "काय आई, कसा खेळतो?"

जावई बॅग काढता काढता थांबले.

"छान खेळतात," मी म्हटलं. "वारा होता तरी."

ग्रुपवर दोघी वाट बघत होत्या. मी लिहिलं, "वाण दिलं. बाथरूम स्वच्छ." त्यांना तेवढं पुरलं.

त्यानंतर मला विमान मिळेपर्यंत जवळजवळ दर शनिवारी जावई खोलीच्या दारात येऊन हळूच विचारायचे, "आई, चक्कर?" बॅग परत आली की काठ्यांना चिखल असायचा. लेक म्हणायची, "आई, पुसत जा की, तुझ्याच खोलीत असतात." मी नाही पुसल्या. राहू दे म्हटलं चिखल, शोभतो.

आता मी पुन्हा गिरणीवर असते. परवा दळण चालू असताना फोन वाजला. जावयांचा निरोप होता, "आई, आज एकच हरवला." मला इतका आनंद झाला की गहू सांडले. आमचे हे पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारायला लागले, "काय हरवलं? कुणाचं हरवलं?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "वारा होता."